पत्र्याच्या पाठीमागे

कुर्ल्याहून मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाला माझ्या वडिलांची पिढी शेवटपर्यंत आग्रा रोडच म्हणत राहिली. या एका रस्त्याच्या आसऱ्याने एकेकाळी जवळपास अख्खी मोटार जुळून आली असती. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांची, १९४४ साली स्थापन झालेली कंपनी. तिथून आधी फियाट बाहेर पडली, पुढे पद्मिनी. भांडुपला सिएटचे टायर. भांडुपलाच गेस्ट कीन विल्यम्सचे स्क्रू आणि नट-बोल्ट. १९४२ साली चार मित्रांनी मुंबईतल्या एका गॅरेजात सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा कारखानाही पुढे इथेच उभा राहिला. सांगाडा, चाक, बोल्ट आणि रंग, सगळं एका बसच्या टप्प्यात.

या कारखान्यांत राबणारी माणसं भांडुपच्या टेंभीपाडा, खिंडीपाडा, जंगल मंगल रोड अशा वस्त्यांत, डोंगराच्या उतारावर चाळी बांधून राहिली. त्यांतली कितीतरी कोकणातून आलेली. कुणी फिटर, कुणी टर्नर, कुणी वेल्डर. अशा घरात पलंगाखाली एक पत्र्याची पेटी हमखास असायची आणि तिच्यात पान्हे, पक्कड, कानस, छिन्नी. पुढे कारखाने एकेक करून थंडावले, बहुतेकांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. पेट्या मात्र घरातच राहिल्या. आमच्या घरातली पेटी मी उघडली ती वडिलांच्या चेतक स्कूटरसाठी.

जुन्या गाडीचं अंग घरच्या घरी दुरुस्त करायला निघालेले लोक मी आता बरेच पाहिले आहेत. त्यातले बहुतेक जण हत्यारांची खरेदी उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी रंगाचा स्प्रे येतो, मग लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा, मग पॉलिश पेपर. हातोडी शेवटी येते, आणि पत्र्याच्या मागे धरायची डॉली बहुधा येतच नाही. म्हणजे झाकणारी साधनं आधी आणि आधार देणारी साधनं सर्वांत मागून. हे काम मुळात उघडं करण्याचं आहे. ते मनात पक्कं झालं की हत्यारांचा क्रम आपोआप ठरतो.

चेतकच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवाशी निगडित आहे. या स्कूटरचं मूळ घराणं इटलीच्या व्हेस्पाचं. १९४६ साली ती पियाज्जिओ कंपनीसाठी कोराडिनो दास्कानिओ यांनी रेखली, आणि हा माणूस विमानांचा अभियंता होता. मोटारसायकलसारखी नळ्यांची वेगळी फ्रेम न ठेवता त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यालाच भार पेलायला लावला. बजाजने पियाज्जिओच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ साली चेतक आली. एका स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले, त्या काळातली ही गाडी. तिचा पत्रा हाच तिचा कणा. फूटबोर्डखाली गंज लागला तर तो रंगाचा प्रश्न राहत नाही, कणाच पोखरला जातो. वरून कितीही चकचकीत रंग मारला तरी पाय ठेवायची जागा एक दिवस रस्त्यावर उघडते.

भांडुपची हवाही पत्र्याच्या बाजूची नाही. स्टेशनच्या पूर्वेला मिठागरं आणि पलीकडे खाडी. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढ्यावर गंज धरतोच. त्या पाण्यात मीठ विरघळलं की ते वीजवाहक होतं आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने पुढे सरकते. शिवाय पावसाळा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा आमची स्कूटरही पाण्यात उभी होती. पाणी ओसरलं, वडिलांनी कार्ब्युरेटर साफ केला, गाडी सुरू झाली. पण फूटबोर्डवरच्या रबरी पट्ट्यांखाली शिरलेला गाळ आणि ओल तिथेच राहिली. गंज तिथून, आतून बाहेर आला. वरच्या रंगाला फोड दिसायला लागले तेव्हा खालचं बरंचसं खाऊन झालं होतं.

म्हणून पहिली साधनं उघडं करणारी. फूटबोर्डच्या पट्ट्या, साइड पॅनल, सीट, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधी उतरवायची. टाकी आणि बॅटरी गाडीवर ठेवून ठिणगी उडवणारं कोणतंही काम करायचं नाही, यात तडजोड नाही. मग तारेचा ब्रश, खरवडायची पट्टी आणि एक टोकदार पोगर. पोगर हे तपासणीचं हत्यार. फोड आलेल्या जागी तो दाबून पाहायचा. पत्रा शाबूत असेल तर टणक आवाज येतो. गेलेला असेल तर पोगर आत शिरतो. जिथे शिरला तिथे लांबी भरायची नसते, तिथला पत्रा कापून नवा लावायचा असतो. एक जागा मात्र जपायची: पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर. तिथे ग्राइंडर लावला आणि नंबर पुसट झाला, तर आरटीओत ती गाडी कुणाची हे सिद्ध करणं कठीण होऊन बसतं.

वरवरचा गंज खरवडून झाला की बारीक छिद्रांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावतात. आम्ल गंजाशी संयोग पावून लोहाचं फॉस्फेट तयार होतं आणि जागा काळपट पडते. ते नीट वाळू द्यायचं, पुसायचं आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. मुंबईच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक दिसते.

यानंतर आधार देणाऱ्या साधनांची पाळी. ती मला शिकवली आमच्या गल्लीच्या तोंडाशी डेंटिंगचं काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. माझ्या स्कूटरचं डावं साइड पॅनल एका रिक्षेच्या धक्क्याने आत गेलं होतं. मी हातोडी घेऊन उभा राहिलो तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हातोडो मागसून, झिला. आदी हात फिरव."

त्यांनी एक सुती फडकं माझ्या तळव्याखाली ठेवलं आणि पॅनलवरून हात लांबपर्यंत न्यायला लावला. बोटांची टोकं नव्हे, पूर्ण तळवा. फडक्यामुळे हात घसरत जातो आणि डोळ्याला न दिसणारा चढउतार तळव्याला लागतो. खड्डा दिसत होता एकच, पण त्याच्या वरच्या बाजूला बोटभर रुंदीची एक कमान उठलेली हाताला लागली.

"मिळाली मा? आता थयसून सुरवात."

त्यांच्या सांगण्यातलं शास्त्र पुढे कळत गेलं. धक्का बसतो तेव्हा पत्रा आधी मधोमध दबतो आणि सर्वांत शेवटी कडेची कमान उठते. सोडवताना उलटा क्रम, शेवटी उठलं ते आधी बसवायचं. खड्ड्याच्या पाठीमागून डॉली दाबून धरायची आणि हातोडी मारायची ती कडेच्या उंचवट्यावर. उंचवटा खाली बसतो, त्याच क्षणी मागचा दाब खड्ड्याला वर ढकलतो. ठोके हलके, मनगटातून, एकमेकांना लागून. जोर लागतो तो डॉली धरणाऱ्या डाव्या हाताला. थेट खड्ड्यावर, मागे डॉली धरून मारलं तर पत्रा दोन पोलादांच्या मध्ये सापडतो, पातळ होतो आणि पसरतो. पसरलेला पत्रा मग जागेवर मावत नाही. बोटाने दाबला की आत जातो, सोडला की टक्कन बाहेर येतो. त्याला आखडून घ्यायला गॅसच्या ज्योतीने छोटा ठिपका लाल करून ओल्या फडक्याने थंड करावं लागतं, आणि ते काम नवख्याचं नव्हे.

डॉली म्हणजे मुठीत मावणारा घडीव पोलादाचा ठोकळा. एक बाजू सपाट, एक गोलाई असलेली, एक कड धारेची. पत्र्याची जी वळणं असतील तिथे ठोकळ्याचं तसंच वळण टेकवायचं. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम करताना भांड्याच्या पोटात लोखंडी आधार असतो आणि बाहेरून हातोडी चालते. बाहेरून पाहणाऱ्याला ठोके दिसतात, आकार ठरतो आतल्या आधारावर. ठोकून ठोकून तांब्याला जी बळकटी येते तीच इथेही येते: वाकलेल्या कमानीतला पत्रा बाकीच्यापेक्षा कडक झालेला असतो, म्हणून खड्डा नुसता मागून दाबून सरळ होत नाही.

मामांची हत्यारं दुकानातली थोडी आणि स्वतः घडवलेली जास्त होती. ट्रकच्या कमानीचा तुटलेला पाटा घासून, एका टोकाला वाकवून त्यांनी चपटा चमचा केला होता. हात पोचत नाही अशा सांदीत तो घालून आतून पत्रा उचलायचा. स्प्रिंगचं पोलाद, त्यामुळे वाकत नाही. ऐरणीच्या जागी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. रुळाचा माथा किंचित गोलाईचा, बुंधा सपाट, म्हणून पत्रा घडवायला तो फार सोयीचा. परदेशातल्या कारागिरांतही रुळाच्या घाटाची डॉली प्रसिद्ध आहे. भांडुपात तो तुकडा पाहताना मला नेहमी जॉर्ज क्लार्क आठवतात. मुंबई सरकारच्या या मुख्य अभियंत्याला १८४३ साली भांडुपच्या भेटीतच ठाणे-कल्याणकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना सुचली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी याच भागातून गेली. त्याच लोहमार्गाची आठवण देणारा रुळाचा तुकडा आज एका गल्लीत स्कूटरच्या पत्र्याला आधार देतोय, हे मला मोलाचं वाटतं.

लाकडी मोगरी आणि कानस ही दोन साधनं साधी असूनही अनेकांच्या पेटीत नसतात. मोगरीचा ठोका पत्र्यावर वण ठेवत नाही, म्हणून मोठा फुगवटा बसवायला ती आधी आणि पोलादी हातोडी नंतर. कानस कापण्यासाठी नाही, वाचण्यासाठी. ती हलकेच फिरवली की उंच जागा चमकतात आणि खोलगट जागा काळ्या राहतात. पुढचा ठोका कुठे द्यायचा ते त्यावरून दिसतं.

जिथे पत्रा कापून नवा बसवायचा तिथे मी वेल्डिंग स्वतः केलं नाही. पत्र्याच्या कात्रीने जुळता तुकडा कापणं, कडा वळवणं, क्लॅम्पने बसवून पाहणं इतकं घरी करता येतं. पण पातळ पत्र्याला जोड देणं हे वर्षांच्या सरावाचं काम आहे. उष्णता जरा जास्त झाली की छिद्र पडतं किंवा अख्खा भाग वेडावाकडा होतो. फूटबोर्डसारख्या भार घेणाऱ्या जागी जोड कच्चा राहिला तर चालवणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. स्वतः करणं याचा अर्थ सगळं एकट्याने करणं असा नाही. कुठे थांबून दुसऱ्याच्या हातात काम द्यायचं हे कळणंही त्यात आलं.

एवढं झाल्यावर लांबीची पाळी. पॉलिएस्टर लांबीत हार्डनर मिसळला की काही मिनिटांत ती घट्ट होते, म्हणून लागेल तेवढीच कालवायची. ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लावायची वेळ आली तर समजावं की पत्र्याचं काम अपुरं राहिलंय. पुन्हा डॉली हातात घ्यावी. जाड थर उन्हातान्हात तडकतो, गचक्याने निघून येतो. गंजावर लावलेल्या लांबीची तर गोष्टच वेगळी. ती गंजाला धरून बसते आणि गंज पत्रा सोडतो, तेव्हा दोन्ही एकदम हातात येतात. शिवाय ही लांबी सच्छिद्र असते, पाणी शोषते. म्हणून ती कोरडीच घासावी. पाणी लावून घासायचं ते वरच्या प्रायमरला.

घासताना पेपर लाकडी गुटक्यावर गुंडाळायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा पृष्ठभागावर उमटतात आणि रंग चढल्यावर उन्हात स्पष्ट दिसतात. लांबीला ८० नंबरपासून सुरुवात, मग १२०, मग २२०. प्रायमरला ४०० आणि ६००. रंगावर लॅकर मारल्यानंतर शेवटच्या घासणीला १५०० आणि २०००, मग रबिंग कंपाउंड. एखादा नंबर गाळला की आधीच्या पेपरचे ओरखडे खाली दबून राहतात आणि महिन्याभराने रंगातून वर येतात. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घासलं, तर जिथे काळं उरतं तिथे खोलगट जागा आहे हे कळतं.

रंगाला मुंबईत मुहूर्त पाहावा लागतो, आणि तो पंचांगातला नाही. गल्लीतल्या गॅरेजात एनसी रंग, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, अजूनही वापरला जातो. त्यातला थिनर झपाट्याने उडतो, पत्र्याचा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रंग दुधाळ, पांढरट दिसायला लागतो. जून ते सप्टेंबर भांडुपच्या हवेत हे टाळणं फार अवघड. पाऊस गेल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी रंग उत्तम बसतो. स्प्रे गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, हात सरळ रेषेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर. मूळ रंग बदलायचा असेल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. भांडुपकरांना त्यासाठी एमएच ०३, म्हणजे वडाळ्याचं आरटीओ.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचं ते. या कामात माणसाचं फुप्फुस पणाला लागतं. टू-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराला त्याची बाधा झाली की पुढे थोडासा संपर्कही सोसत नाही. कापडी मास्कचा त्यापुढे काही उपयोग नाही. त्याला बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. चाळीच्या पॅसेजमध्ये किंवा सोसायटीच्या आवारात, मुलं खेळतात तिथे, हा रंग फवारू नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ साली लागू झाली. त्याआधीच्या आणि इतर प्रकारच्या रंगांची खात्री देता येत नाही. म्हणून जुना रंग पाणी लावून घासावा आणि तो गाळ गटारात न सोडता गोळा करावा. लांबीची धूळ कोरडी उडते, तिच्यासाठी चांगला मास्क हवाच. मी ज्या डेंटर-पेंटरांकडून शिकलो ते तोंडाला रुमाल बांधून आयुष्यभर काम करत आले. मामा आता दोन जिने चढले की थांबतात.

इतका खटाटोप जुन्या पत्र्यासाठी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, आणि ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालेलं भंगार धोरण जुनी गाडी मोडीत काढायला प्रोत्साहन देतं. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नको, हे मलाही पटतं. पण नीट राखलेल्या वस्तूला नुसतं जुनी म्हणून टाकून देणं मला पटत नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या आठवा. त्यांचं उत्पादन थांबल्यावरही त्या कितीतरी वर्षं धावल्या. ऑक्टोबर २००३मध्ये नोंदवलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. कारखाना मागे नसताना, समुद्राच्या हवेत, या गाड्या उभ्या ठेवल्या त्या गल्लीतल्या डेंटरांनी आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यांनी. त्यांच्या कौशल्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या इतिहासात नाही, पण या शहराची चाकं त्यांच्या भरवशावर फिरली.

ज्या भांडुपने रंग, टायर आणि बोल्ट बनवले तिथली मुलं पत्रा हातात घ्यायला विसरली तर नुकसान गाड्यांपेक्षा आपलं मोठं होईल. हाताने तपासणं, आधार देऊन सरळ करणं, झाकण्याआधी उघडं करून पाहणं, ही शिस्त इतर कशातून इतकी लख्ख शिकता येत नाही. आयटीआयमध्ये पत्राकामाचे आणि गाडीच्या अंगदुरुस्तीचे अभ्यासक्रम आहेत. ज्यांना त्याची आवड आहे त्यांना घरच्यांनी अडवू नये.

तुमच्याकडेही एखादी गंजलेली स्कूटर किंवा चेपलेली मोटार असेल, तर पैसे या क्रमाने खर्च करा: आधी मास्क, चष्मा आणि हातमोजे; मग तारेचा ब्रश, पोगर आणि कानस; मग डॉली, मोगरी, हातोडी; रंगाचा डबा सर्वांत शेवटी. हत्यारं नवीच हवीत असं नाही, नागदेवी स्ट्रीटला नवी आणि चोर बाजारात जुनी, दोन्ही चांगली मिळतात. काम सुरू करण्याआधी तुमच्या गल्लीतल्या डेंटरजवळ एक दुपार बसा. त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि जाताना एक चांगला मास्क त्यालाही घेऊन जा.